आबांनी न दिलेले पाच

आबांच्या घरी भाड्याने राहायचं तर दोन अटी होत्या. गच्चीवरच्या ॲन्टेनाला ताण दिलेल्या तारांवर कपडे वाळत घालायचे नाहीत, ही पहिली. सकाळी सात ते साडेसात मिक्सर लावायचा नाही, ही दुसरी. भाडं किती, पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, यातलं त्यांना काही माहीतच नव्हतं. ते सगळं त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला मागाहून जिन्यात गाठून सांगितलं.

मी तेव्हा बारामतीत नवीन होते. एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये लागले होते आणि गावात एका माणसालाही ओळखत नव्हते. अटी मान्य आहेत असं मी म्हणाले, तर आबा माझ्याकडे नुसतेच बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात ते शांतपणे म्हणाले, "पाच-तीन."

काकू आतून कणीक मळता मळता ओरडल्या, "लक्ष देऊ नगंस गं. तुजा आवाज कसा येतोय त्ये सांगत्यात. समजतंय सगळं, पन जोर न्हाय."

आबा हौशी रेडिओवाले होते, ज्यांना हॅम म्हणतात ते. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, आणि घरच्या सेटवरून जगाशी बोलायचं. या लोकांत एकमेकांचा आवाज कसा पोचतोय हे दोन आकड्यांत सांगायची रीत आहे. पहिला आकडा किती समजतंय त्याचा, तो पाचाच्या वर जात नाही. दुसरा आवाजात जोर किती त्याचा, तो नवापर्यंत. इतर लोक ही रीत रेडिओपुरती पाळतात. आबांनी ती सगळ्या गावाला लावली होती. दारावरची भाजीवाली पाच-नऊ. थोरले जावई तीन-नऊ. देवळावरचा कर्णा एक-नऊ, "जोर लई, समजत काय बी न्हाय." निवडणुकीच्या प्रचाराची गाडी गल्लीत आली तेव्हा त्यांनी शून्य-नऊ दिले, आणि शून्य असा आकडा नसतो हे माहीत असून देतोय, असंही गाडीवाल्याला सांगून आले.

दुसरी सवय त्याहून अवघड. कुणी काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. मध्ये जागा सोडत. रेडिओवर एकाचं बोलून झालं की दुसऱ्यानं क्षणभर थांबायचं असतं, कारण तिसऱ्या कुणाला तातडीचं काही सांगायचं असेल तर त्याला शिरता यावं. आबा ही जागा ओट्यावर सोडत, बँकेत सोडत, काकूंनी "जेवायला वाढू का?" विचारलं तरी सोडत. एकदा एका माणसाने त्यांना सुप्याची एसटी कुठून सुटते ते विचारलं आणि उत्तर येईपर्यंत बिचारा रिक्षात बसून निघूनही गेला. आबांनी मग ते उत्तर मला दिलं. तयार केलेलं वाया कशाला घालवायचं.

त्यांचं घराणं कऱ्हाटीकडचं. आजोबांनी सुप्याच्या माळांवर मेंढरं राखली, वडिलांनी ती विकून शेती धरली, आणि आबा टेलिफोन खात्यात लागून तिथूनच निवृत्त झाले. रेडिओचं वेड कुठून लागलं असं विचारलं की ते आजोबांचं नाव सांगत. "आमचा आज्जा हाळी द्यायच्या आदी हुबा ऱ्हायचा. कान लावायचा. पल्याडच्या टेकाडावरनं कुनी वरडत आसंल, तर आपली हाळी त्येच्या हाळीवर पडू ने. आदी कान, मंग तोंड." जन्म टेलिफोन खात्यात काढलेला हा माणूस फोनवर मात्र मनापासून चिडून होता. "फोनमदी दोगं एकदम बोलत्यात," ते म्हणायचे. "रेडिओवर एक जन बटन दाबून बोलाय लागला की दुसऱ्याला ऐकूनच घ्यावं लागतं. मानसाला मानूस बनवायचं यंत्र हाय ह्ये."

माझ्यावरही त्यांनी ते यंत्र चालवलं. "नुसता मिक्सर बंद ठिवून काय मिळतंय तुमास्नी, म्याडम?" असं म्हणत म्हणत त्यांनी माझ्याकडून परीक्षेचा अभ्यास करून घेतला. लॅबमधून दमून आले की जिन्यातच प्रश्न विचारत. मी पास झाले, परवाना आला, आणि त्या दिवसापासून मी 'म्याडम'ची 'पोरी' झाले.

रोज सकाळी सातला आबा हवेवर हजेरी घेत. दौंड, फलटण, इंदापूर अशा आसपासच्या गावांतले पाच-सहा जण हवेवर येत. ऊस, निवडणूक आणि जात हे तीन विषय बंद. उरलेल्या जगावर बोलायला मोकळीक. शेवटी आबा विचारत, "आनखी कोन हाय का?" आणि थांबत. इतके थांबत, की कपातल्या चहावर साय धरायची. एकदा मी वैतागून विचारलं, कुणी नाही हे दिसतंय ना? ते म्हणाले, "तात्याला येळ लागतो."

तात्या इंदापूरचे. उजनीच्या पाण्याच्या अंगाला त्यांचं घर. पूर्वी जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान होतं, ते मुलाकडे देऊन हे रेडिओपाशी बसले. जुना सेट, घरीच वाकवून केलेला ॲन्टेना. आबांची आणि त्यांची मैत्री माझ्या जन्माच्या आधीची, आणि दोघे एकमेकांना एकदाही भेटलेले नव्हते. बारामतीहून इंदापूर असं काय लांब आहे? पण आबांचं म्हणणं असं, की "समोर बसून बोललो तर सकाळला काय उरंल?"

तात्या एके काळी हजेरीतले सगळ्यात बोलके गृहस्थ होते म्हणतात. मी हवेवर आले तेव्हा त्यांना पक्षाघात होऊन गेला होता. अंग सावरलं, पण जीभ जड झाली. एकेक शब्द शोधून आणावा लागे. डॉक्टरांनी रोज बोलायला सांगितलं होतं, पण बोलणार कुणाशी? घरची माणसं प्रेमाची होती. त्या प्रेमापोटीच ती तात्यांचं वाक्य अर्ध्यावर काढून घेत आणि स्वतः पुरं करत. फोनवर तर लोक "बरं बरं, काळजी घ्या" म्हणून ठेवूनच देत. उरला रेडिओ. तिथे तात्यांनी बटण दाबून धरलं, की ते सोडेपर्यंत कुणी मध्ये पडू शकत नव्हतं. दोन शब्दांच्या मध्ये नुसती शांतता यायची, पण सेटवरचा काटा वर उभा असायचा. काटा उभा आहे तोवर तात्या आहेत, असं आम्ही समजायचो.

बोलून झालं की तात्या विचारत, "किती?" आणि आबा खरा आकडा सांगत. आजारपणानंतरच्या पहिल्या दिवशी त्यांनी दोन दिले होते. पुढे कधीतरी तीन झाले. मी आले त्या वर्षी, पावसाळ्याच्या सुमारास, चार झाले, तेव्हा आबांनी काकूंना शिरा करायला लावला. तात्यांना पाच हवे होते.

"पाच... कवा?"

"द्येईन की. एक-दोन शबूद अजून निसटत्यात."

मला ते ऐकून राग यायचा. आजारी माणूस, एक आकडा जास्त सांगितला तर काय बिघडतं? एकदा मी तसं आबांना सुनावलं. त्यांनी त्यांची ती जागा सोडली आणि म्हणाले, "खोटा पाच दिला तर उद्यापासनं त्यो कशाला बोलंल, पोरी?"

त्याच वर्षी हवेत खरखर सुरू झाली. तात्या बोलायला लागले की अचानक वर एक आवाज येऊन बसायचा, पिठाची गिरणी रिकामी फिरल्यासारखा. तो थांबेपर्यंत तात्यांचं वाक्य संपलेलं असायचं. आबा म्हणायचे, "तात्या, मधी खरखर झाली, फिरून सांग." तात्या सगळं ओझं पुन्हा उचलायचे, आणि पुन्हा तेच. त्यांनी बटण सोडलं की त्या आवाजाची शेपूट त्यांच्याही कानावर पडायची. आबांनी आवाज एकदाच नीट ऐकून निदान केलं. हा नव्या डिजिटल सेटचा आवाज. त्यात माणसाचं बोलणं आकड्यांत बदलून जातं. तसाच दुसरा सेट असेल त्याला स्वच्छ बोलणं ऐकू येतं, आमच्यासारख्या जुन्या सेटवाल्यांना नुसती खरखर.

आठवडाभरात तात्या यायचे थांबले. आबा रोज विचारत, "आनखी कोन हाय का? इंदापूर? तात्या?" आणि जागा सोडून बसत. शेवटी मीच फोन केला. सूनबाईंनी उचलला. "मामंजी सेटला हातच लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हनत्यात, लोकास्नी माजा कटाळा आलाय. मी बोलाय लागलो की कुनीतरी मुद्दाम बटन दाबतं. आता घरात बी बोलत न्हाईत, ताई. हातानंच खुना करत्यात."

हे आबांना सांगितलं तेव्हा, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, त्यांनी जागा न सोडता उत्तर दिलं. "स्कुटी काढ."

आता आबांनी केलेलं यंत्र सांगते. सुताराच्या लोखंडी टेपचे तुकडे कापून प्लॅस्टिकच्या पाइपवर आडवे बांधलेले, आणि पाइपच्या बुडाशी हातातला छोटा सेट. ज्या दिशेला धरल्यावर खरखर सगळ्यात मोठी, तिकडे आवाजाचं घर. मी स्कुटी चालवतेय, मागे कानटोपी घातलेले आबा ते हत्यार उगारून बसलेत, आणि "डावीकडं. थांब. फिर मागारी," असं चाललंय. कामावर निघालेले मोटारसायकलवाले मान मोडेपर्यंत बघत होते. त्यांत आमच्या लॅबमधलेही होते. एमआयडीसीच्या कडेला एका शेतकऱ्याने आम्हाला हात करून थांबवलं. तो आबांना पाणाडी समजला होता. "आमच्या बी रानात बगा की," तो म्हणाला, "औंदा बोर घ्यायचीय." मी समजावायला तोंड उघडलं, तर आबा उतरून त्याच्या रानात दोन पावलं जाऊन आले आणि म्हणाले, "हितं काय ऐकू येत न्हाय." शेतकऱ्याने मनापासून आभार मानले. मला वाटतं त्याने तिथे बोर घेतली नाही.

आवाजवाला दिवसातून थोडाच वेळ, सकाळचाच बोलायचा, त्यामुळे शोध तीन-चार सकाळी चालला. गावातले दुसरे हॅम आबांना सांगत होते की दिल्लीला तक्रार ठोका, परवाना जाईल त्याचा. आबा ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कानटोपी चढवत. अखेर एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर घर सापडलं. दार उघडलं ते सुहासने. कारखान्यात मेंटेनन्सला असलेला, पस्तिशीचा, सभ्य माणूस. तोंडात टूथब्रश आणि हातात डिजिटल सेट.

"पण आजोबा, मी कुणाच्याच मध्ये बोलत नाही," तो गोंधळून म्हणाला. "चॅनल मोकळं असतं. मी रोज आधी ऐकतो, कुणीच नसतं. मग भिगवणच्या मित्राशी बोलतो."

आबांनी त्याच्यापुढे आपला छोटा सेट धरला, बटण दाबलं आणि म्हणाले, "मी बारामतीवरनं बोलतोय." सुहासच्या सेटमधून चकार शब्द आला नाही. आबांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी ते बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. सुहासच्या सेटच्या माथ्यावर एक बारीक हिरवा दिवा लागला होता.

"आवाज येत न्हाय," आबा म्हणाले. "पन दिवा लागलाय. म्हंजी कुनीतरी हाय."

सुहास त्या दिव्याकडे बघत राहिला. सेट त्याला पुण्याच्या एका मित्राने सगळं भरून तयार करून दिला होता. दिवा लागतो हे त्याला माहीत होतं. तो कुणाचा, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तात्यांबद्दल ऐकल्यावर त्याने ब्रश बेसिनवर ठेवला. मी हे चॅनल सोडतो, दुसरीकडे जातो, असं म्हणायला लागला.

"जातोस कशाला?" आबा म्हणाले. "हवा काय कुनाच्या सातबाऱ्यावर चढत न्हाय. एका माळावर दोन कळप चरत्यातच की. सकाळची हजेरी आमच्या बोलीत हू द्या, मंग दिवसभर तुमी तुमच्या बोलीत बोला. फकस्त बटनाला हात लावायच्या आदी दिवा बगायचा. चल आता, इंदापूरला जाऊ."

सुहासच्या गाडीतून आम्ही लगेचच्या रविवारी गेलो. तात्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लागली आणि आबा मागच्या सीटवर घट्ट बसून राहिले. "तुमी जावा. मी हितंच हाय. हवेवर." मी कपाळाला हात लावला. सुहासला वाटलं त्यांचे गुडघे दुखत असतील.

तात्या खुर्चीत बसले होते. सेटवर विणकामाचा रुमाल झाकला होता. सुहासने विचारून रुमाल काढला, सेट लावला, आणि आपल्या सेटचं बटण दाबून एक वाक्य बोलला. तात्यांच्या सेटमधून ती खरखर आली. तात्यांची मान झटकन वर झाली.

"ह्योच."

"हा मी आहे, तात्या," सुहास म्हणाला. "तुमचं बोलणं मला ऐकूच येत नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाला कंटाळा आलेला नाही. तुम्ही आता तुमचं बटण दाबा." तात्यांनी माइक उचलला, दाबला. सुहासच्या सेटवर दिवा लागला. "हा दिवा म्हणजे तुम्ही. मला तो वाचता येत नव्हता."

तात्यांनी बोट उचललं, दिवा गेला. दाबलं, लागला. असं त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. चेहऱ्याची जी बाजू हलत होती त्या बाजूने ते हसायला लागले, आणि दारात उभ्या सूनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

तेवढ्यात सेटमधून आबा आले. "इंदापूर, इंदापूर. तात्या, हायस का?"

मध्ये जागा. मग तात्यांनी बटण दाबलं. "हाय." काटा उभा राहिला. "कुठनं... बोलतोयस? लई... जोरात... येतोयस."

"गल्लीच्या तोंडाला हाय."

"मंग... आत... ये."

त्यानंतर आबांनी सोडलेली जागा माझ्या आठवणीतली सगळ्यात मोठी. मला वाटलं, हा हट्टी म्हातारा आता गाडी वळवायला सांगणार. मग बाहेर गाडीचं दार वाजलं. आबा आले, उंबऱ्याशी चपला काढल्या, कानटोपी काढली. दोघांनी एकमेकांना नीट बघून घेतलं.

"मला... वाटलं..." तात्या म्हणाले, "उंच... असशील."

आबा थांबून म्हणाले, "मला वाटलं तुला मिशा असत्याल."

आणि संपलं. उभा जन्म हवेवर काढलेली ही दोन माणसं चहा घेत समोरासमोर बसली आणि त्यांना बोलायला एक विषय सापडेना. आबा छताच्या पंख्याकडे बघत होते, तात्या बशीकडे. निघताना आबा म्हणाले, "सकाळी." तात्या म्हणाले, "सकाळी." दुसऱ्या दिवशी सातला मात्र दोघांनी, तो दुसरा तिथे नव्हताच अशा थाटात, काल एका माणसाला भेटल्याची हकिगत एकमेकांना साग्रसंगीत सांगितली. त्या दिवशी मला लॅबला उशीर झाला.

पुढे सुहासही आपल्या सेटची खुंटी जुन्या पद्धतीवर फिरवून सकाळी आमच्या बोलीत हजर राहायला लागला. आबा त्याला "पाच-नऊ, पन घाई लई" असं सांगत. तात्या रोज "किती?" विचारत आणि आबा रोज चार देत. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, तरी माझ्याकडे सात ते साडेसात मिक्सर लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकूंनी चहाला हाक मारली आणि नेहमीसारखी थोडी वाट पाहिली. त्यांना तीच सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंपाशी, आबांच्या खोलीत बसले होते. सात वाजले. काकूंनीच सेट लावला. हजेरी आता कुणी घ्यायची? मी माइक उचलला, पण अंगठा बटणापर्यंत जाईना. हवेवर सगळे असणार आणि सगळ्यांचं हेच झालं असणार.

मग काटा वर गेला. बराच वेळ नुसता काटाच.

"मी... इंदापूरचा... तात्या. आबा... काल... गेला. हजेरी... आज... मी... घेतो."

आणि त्यांनी घेतली. एकेकाचं नाव, गाव, एकेकाची विचारपूस. आबांनी हवेवर आपल्याला पहिल्यांदा काय विचारलं होतं ते सांगितलं. मिशांचं सांगितलं. शब्दाशब्दांत मैलाची अंतरं होती, आणि त्या अंतरात कुणी शिरलं नाही, एकदाही खरखर झाली नाही. सुहासने मला नंतर सांगितलं, की त्याने आणखी एक सेट डिजिटलवर शेजारी लावून ठेवला होता आणि तो सबंध वेळ त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसला होता. भिगवणच्या मित्रालाही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी तात्या म्हणाले, "आनखी... कोन... हाय का?" आणि थांबले. आबांएवढेच थांबले. मग हळूच विचारलं, "किती?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. "तात्या, पाच," मी म्हणाले. दयेनं नाही दिले. मी आबांच्याच खुर्चीत बसले होते, तिथून खोटं बोलता आलं नसतं. खरंच एक शब्दसुद्धा निसटला नव्हता.

मध्ये जागा सुटली. काटा वर आला आणि उभा राहिला.

"त्यो..." तात्या म्हणाले, "चारच... म्हनला असता."